केमो चालू असताना अभ्यासासाठी मनगटावर घड्याळ घालायला सांगतायत, बाबांनी घालावं का?

धायरीची_लेक:

बाबा ६८ चे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. दिवाळीआधी ऑपरेशन झालं आणि आता केमो चालू आहे, दर तीन आठवड्यांनी ऑक्सालिप्लॅटिनचं सलाईन, मग १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि मग एक आठवडा सुट्टी. परवा डे-केअरमध्ये सलाईन चालू असताना एक मुलगी फाईल घेऊन आली, म्हणाली एक अभ्यास चालू आहे, केमो घेणाऱ्या पेशंटना मनगटावर घालायचं घड्याळ देतात, दिवसरात्र घालायचं, त्यातून चालणं, झोप, नाडी सगळं नोंदलं जातं, औषधात काही बदल नाही आणि पैसेही भरायचे नाहीत. मराठीत छापलेलं संमतीपत्र दिलंय, घरी वाचून या म्हणाली, घाई नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं. बाबा म्हणतात डॉक्टरांचंच काम आहे ना, मग घालू की. आईला घड्याळाच्या मागे जो हिरवा लाईट लागतो त्याची भीती वाटते, रात्रभर हाताला चिकटून राहणार, आधीच एवढी औषधं अंगात चाललीयेत. भाऊ बंगलोरला असतो, तो फोनवर म्हणाला डेटा विकतात हे लोक, उद्या इन्शुरन्सवाले तेच दाखवतील, सही करू नका.

मला स्वतःला मात्र ते घ्यावंसं वाटतंय. बाबा ओपीडीत गेले की इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसतात आणि डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं की "एकदम छान, काही त्रास नाही". आणि घरी काय, तर आधीचे चार दिवस पलंगावरून गॅलरीपर्यंत आलेले नसतात. हा माणूस ऑपरेशनच्या आधी रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर जाऊन यायचा हो. मी मधे बोलले तर चिडतात, म्हणून गप्प बसते. घड्याळ तरी खरं सांगेल असं वाटतं.

तर प्रश्न असे की लाईटचा खरंच काही त्रास होतो का, हे आकडे नक्की कोण बघतं, भाऊ म्हणतो तसं काही होऊ शकतं का, आणि नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होऊन ट्रीटमेंटवर परिणाम होईल का. कोणाच्या घरी असं घड्याळ घातलं असेल तर प्लीज लिहा.


संशोधन_समन्वयक_पुणे:

ताई, मी पुण्यातच क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, फाईल घेऊन पेशंटकडे जाणारी ती मुलगी म्हणजे माझ्यासारखीच कोणीतरी. तुमचं हॉस्पिटल कुठलं ते विचारत नाही, इथे लिहूही नका.

तुम्ही इस्त्रीच्या शर्टाचं जे लिहिलंय ना, नेमकं त्याच्यासाठीच हे अभ्यास चालू झालेत. कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टर प्रत्येक पेशंटला एक आकडा देतात, त्याला ईसीओजी स्कोअर म्हणतात, तुमच्या फाईलवर कुठेतरी ईसीओजी शून्य किंवा एक असं लिहिलेलं सापडेल बघा. शून्य म्हणजे माणूस आजारापूर्वीसारखाच सगळं करतो, दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण कामधंदा जमत नाही, तीन म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात नाहीतर खुर्चीत, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. केमो द्यायची का, पूर्ण डोस द्यायचा की कमी करायचा, नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं की नाही, सगळ्यात हा आकडा बघतात. आणि तो ठरतो कसा, तर ओपीडीतल्या काही मिनिटांत, पेशंट आत कसा चालत आला आणि काय बोलला त्यावरून. "निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात" हे डॉक्टरने कसं बघायचं, ते काय घरी येऊन बसणार आहेत का? मनगटावरचं घड्याळ तेवढं मोजू शकतं.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलने २०१८ मध्ये असा एक छोटा अभ्यास छापला होता, कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेले ३७ पेशंट आणि त्यांच्या हातात फिटबिट, म्हणजे पावलं मोजणारं घड्याळ. रोजची पावलं आणि डॉक्टरांनी दिलेला ईसीओजी यांचा मेळ बसला, आणि ज्यांची पावलं जास्त त्यांना ॲडमिट व्हायची वेळ कमी आली. आता याचा अर्थ चाललं की ॲडमिट व्हावं लागत नाही असा काढू नका, आतून त्रास वाढत असतो तो माणूसच कमी चालतो. म्हणजे पावलं हा इशारा आहे, औषध नाही, बाबांना त्यावरून चाला चाला म्हणून मागे लागू नका.

पण ताई, तुम्ही लिहिलंय "हे आकडे नक्की कोण बघतं", सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि दहातले नऊ जण तो विचारतच नाहीत. बऱ्याच अभ्यासांमध्ये घड्याळातला डेटा त्या क्षणी कोणीच बघत नसतं. आठवड्यातून एकदा किंवा पुढच्या व्हिजिटला तो उतरवून घेतात आणि सगळे पेशंट पूर्ण झाले की मग त्याचं गणित मांडतात. थोड्या अभ्यासांमध्ये खरोखर नर्सच्या स्क्रीनवर अलर्ट जातो आणि ती फोन करते. संमतीपत्रात हे लिहिलेलं असायला हवं. सापडलं नाही तर सरळ विचारा, आकडे कोण बघतं, किती दिवसांनी बघतं, रविवारी रात्री गडबड दिसली तर फोन कोण करणार.

हे एवढं का लांबवतेय, तर घरचे लोक निर्धास्त होतात. हातात हॉस्पिटलचं घड्याळ आहे म्हणजे हॉस्पिटलला कळेलच असं धरून चालतात. ताप आला आणि घड्याळाने काही म्हटलं नाही म्हणून सकाळपर्यंत थांबलेलं घर मी बघितलंय. केमोनंतर साधारण पहिल्या ते दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात, त्या वेळचा ताप म्हणजे इमर्जन्सीच, त्यात तास मोजायचे असतात. थर्मामीटरवर १००.४ दिसलं की फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, आणि डॉक्टरांशी बोलायच्या आधी पॅरासिटामॉल द्यायची नाही कारण ताप उतरतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं. हा नियम घड्याळ घातलं तरी तोच आणि नाही घातलं तरी तोच.

नाही म्हटलं तर ट्रीटमेंटवर काहीही परिणाम होत नाही, होता कामा नये. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की भाग घेणं ऐच्छिक, मधेच कधीही सोडता येतं, आणि सोडल्याने नेहमीच्या उपचारात काही कमी होत नाही. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा संपर्क दिलेला असतो, कोणी जबरदस्ती केली तर तिथे फोन करायचा. आणि सीटीआरआय नावाची सरकारी वेबसाइट आहे, देशातल्या क्लिनिकल ट्रायल तिथे नोंदवतात आणि त्या कोणालाही बघता येतात, अभ्यासाचा नोंदणी नंबर मागून घ्या आणि भावाला द्या, तो वाचेल नीट.


केमोनंतरची_मी:

मी घातलं होतं असं घड्याळ, स्तनाचा कॅन्सर, केमो पूर्ण झाली आता. समन्वयक ताईंनी नियमांचं लिहिलंच आहे, मी रोजच्या वापराचं सांगते.

पहिली गोष्ट हात कुठला. माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात त्यामुळे त्या हाताला सूज यायची भीती कायमची, त्या हाताला बीपी नाही, सुई नाही आणि घट्ट पट्टाही नाही. घड्याळ देणाऱ्या मुलाला हे माहीत नव्हतं, तो सरळ डावा हात म्हणाला, मीच सांगितलं उजव्यात घालते. तुमच्या बाबांचं ते नाही पण त्यांचं दुसरंच आहे, ऑक्सालिप्लॅटिन! माझ्या मोठ्या जाऊबाईंना तेच होतं. त्या औषधाने गार वस्तूला हात लागला की मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं, फ्रीज उघडायला नको, नळाचं पाणी नको. आता पुण्यात थंडी सुरू झालीये, सकाळी स्टीलचा पट्टा किंवा धातूची मागची बाजू हाताला लागली तर त्रास होईल, म्हणून कापडी किंवा सिलिकॉनचा पट्टा मागा आणि रात्री उशाशी काढून ठेवलं असेल तर घालायच्या आधी हातात धरून जरा गरम करा (मुलीने केलं तर उत्तम). कॅपेसिटाबिनने तळहात लाल होतात, सोलतात, पट्ट्याखाली घाम साचू देऊ नका, रोज पुसून घ्या. आणि हे कोणी सांगत नाही, त्या गोळ्यांनी काही जणांचे बोटांचे ठसे पुसट होतात, मोबाइल अंगठ्याने उघडत नाही, तेव्हा त्या ॲपला पिन लावून ठेवा.

चार्जिंगची वेळ ठरवून टाका, आम्ही संध्याकाळी सातच्या बातम्यांना लावायचो कारण तेव्हा तसंही बसूनच असते. आंघोळ, पूजा याला काढलं की परत घालायचं विसरतं ते धरून चला, सोवळ्यात नको म्हणून सासूबाई काढायला लावायच्या आणि मग दुपारी लक्षात यायचं.

मनाचं सांगू का? मला सुरुवातीला ते आकडे बघायची सवय लागली आणि ती चांगली नव्हती. तिसऱ्या सायकलनंतर दिवसाला चारशे पावलं दिसायची आणि मला वाटायचं संपलं आता. मग मी अभ्यासवाल्यांना म्हणाले माझ्या स्क्रीनवर आकडे नकोत, तुम्ही तिकडे काय ते बघा, त्यांनी सेटिंग बदलून दिलं, नुसती वेळ दिसायची. बाबा तुमच्यासारखं बोलून दाखवणारे नाहीत तेव्हा त्यांना विचारा, आकडे बघायचेत का नकोत. आजार त्यांचा आहे, घड्याळ त्यांच्या हातात आहे, तुम्हाला त्यातून काय कळवायचं हेही त्यांनीच ठरवायचं. हे जरा स्पष्ट लिहिलं, राग मानू नका ताई, पण मला माझ्या मुलाने परस्पर माझी पावलं विचारलेली आवडली नसती.


सर्किटवाला:

इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करतो, सेन्सरचंच काम आहे, म्हणून लाईटचं मी सांगतो. काकूंना सांगा तो नुसता एलईडी आहे, देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या माळेत असतो तसाच, क्ष-किरण वगैरेशी त्याचा काही संबंध नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, शेजारी एक छोटा सेन्सर तेवढंच मोजतो आणि त्यावरून नाडी काढतो. पावलं वेगळ्या चिपवरून, ॲक्सिलरोमीटर, हाताची हालचाल मोजतो फक्त.

आता यातला विश्वास कुठे ठेवायचा आणि कुठे नाही. शांत बसलेले असताना किंवा झोपेत नाडी बऱ्यापैकी बरोबर येते. पावलांचं म्हणाल तर हाताच्या हालचालीवरून असल्यामुळे पोळ्या लाटल्या तरी पावलं मोजली जातात, स्कूटीवर मागे बसून सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून गेलात तरी दोनचार वाढतात, आणि उलट वॉकर धरून किंवा सलाईनचा स्टँड ढकलत माणूस पूर्ण पॅसेज चालला तरी मनगट हलत नाही म्हणून कमी मोजतं. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, त्याच माणसाचा आधीच्या आठवड्यापेक्षा कल कुठे चाललाय ते बघायचं. झोपेचं तर घड्याळ अंदाजच करतं, हात बराच वेळ हलला नाही म्हणजे झोपला. केमोनंतर माणूस डोळे उघडे ठेवून तासन्‌तास पडून असतो, ते झोपेत जमा होऊ शकतं.

तापमान. हे नीट वाचा. मनगटाचं तापमान म्हणजे कातडीचं तापमान, शरीराच्या आतलं नाही. थंडीत हात रजईबाहेर राहिला तरी ते बदलतं. ही घड्याळं बहुतेक तुमच्या नेहमीच्या रात्रींपेक्षा किती वर खाली एवढंच दाखवतात. त्यामुळे समन्वयक ताईंनी जे १००.४ सांगितलंय ते थर्मामीटरचं, घड्याळाचं नाही.

ऑक्सिजनचंही तसंच. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की हॉस्पिटलमधला बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या त्वचेच्या पेशंटमध्ये कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्या पेशंटच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो. आपल्याकडे त्वचेचे रंग किती आहेत ते बघा, आणि हे तर मनगटावरचं मशीन. म्हणून माझं मत असं की असे अभ्यास इथे, आपल्या लोकांच्या हातांवर व्हायलाच पाहिजेत, बाहेरच्या लोकांवर बेतलेली गणितं इथे तशीच लावली तर आपल्या म्हाताऱ्या माणसांचं चुकीचं मोजलं जाईल. बाबा घालत असतील तर त्याचा फायदा पुढच्या पेशंटला आहे.

आणि न घातलेले तास हा या डेटातला सगळ्यात मोठा घोळ. घड्याळ टेबलावर पडलं तर पावलं शून्य, आणि पेशंट अंथरुणातून उठला नाही तरी शून्य. साधारणपणे दिवसाचे दहा तास तरी घातलं असेल तरच तो दिवस धरतात. त्यात सगळ्यात जास्त त्रासाच्या दिवशीच माणूस काढून ठेवतो, म्हणजे जो दिवस हवा तोच गायब. बाबांना सांगा, नको वाटलं तर खुशाल काढा, फक्त वहीत लिहा "उलट्या होत होत्या म्हणून काढलं". त्या एका ओळीचा उपयोग होतो.


टेकडीवाला:

मधे घुसतोय. आमच्या आईची पण केमो आहे पण तिथे असा काही अभ्यास नाही. मग मी बाजारातून एक चांगलं घड्याळ घेऊन दिलं तर तेच काम होईल ना? लक्ष्मी रोडला एका दुकानात दाखवलं, नाडी, ऑक्सिजन, ईसीजी सगळं आहे म्हणतात.


संशोधन_समन्वयक_पुणे:

दादा, घड्याळ घ्या की, पण आईंच्या हौसेसाठी घ्या, आकडे बघणारं पलीकडे कोणी नसेल तर ट्रीटमेंटच्या दृष्टीने फार फरक पडत नाही. याला पुरावा म्हणून एक अभ्यास सांगते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ७६६ पेशंट घेतले होते, कॅन्सर पसरलेले, केमो चालू असलेले. त्यातल्या एका गटाला घड्याळ नाही बरं का, नुसती प्रश्नावली होती, मळमळ किती, दुखणं किती, दम लागतो का, ती कॉम्प्युटरवर भरायची. त्रास वाढलेला दिसला की नर्सला ईमेल जायचा आणि ती बघायची काय करायचं ते. २०१७ मध्ये निकाल आला, प्रश्नावली भरणाऱ्या गटाचं मधलं आयुर्मान (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ३१.२ महिने आणि नेहमीसारख्या गटाचं २६ महिने. पाच महिने, नुसतं विचारून आणि ऐकून! त्यात मशीन काही भारी नव्हतं, पलीकडे वाचणारी नर्स होती.

म्हणून तुम्ही एक वही करा. रोज एकाच वेळी ताप, किती वेळा जुलाब, किती खाल्लं, दिवसातला किती वेळ पडून होती, आणि ती वही ओपीडीत डॉक्टरांच्या समोर ठेवा, तोंडी सांगू नका. डे-केअरच्या नर्सचा नंबर घेऊन ठेवा. घड्याळातल्या ईसीजीवरून ॲड्रियामायसिनसारख्या केमोच्या औषधाचा हृदयावर काय परिणाम झाला ते कळत नाही, त्यासाठी टूडी इको असतो, डॉक्टर सांगतील तेव्हा तो चुकवू नका.


धायरीची_लेक:

सगळ्यांचे खूप आभार, आईला आणि भावाला दोघांना हे वाचून दाखवलं. आईची लाईटची भीती गेली. केमोनंतरची ताई, राग अजिबात नाही, तुम्ही बरोबर बोललात. मी बाबांना विचारलं, म्हणाले घालतो, आकडे मला नकोत, तुलाही नकोत, डॉक्टरांना जाऊ देत. ठीक आहे, त्यांचं त्यांनी ठरवलं.

काल फोन करून विचारलं, आकडे कोण बघतं. तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की रोज कोणी बघत नाही, डेटा मोबाइलवरून आपोआप जातो पण अभ्यासाची टीम तो आठवड्याने उघडते, आणि ताप वगैरेसाठी नेहमीच्याच नंबरला फोन करायचा. खरं सांगितलं हे बरं वाटलं, थर्मामीटर नवीन आणलाय आणि नंबर फ्रीजवर लावलाय.

आता दोनच शंका. ॲप लोकेशनची परवानगी मागतंय, ती द्यायची का? आणि बाबांनी मधेच सोडलं तर तोपर्यंतचा डेटा परत मिळतो की त्यांच्याकडेच राहतो?


संशोधन_समन्वयक_पुणे:

लोकेशनचं त्यांना विचारा की अभ्यासाला ते लागतं का. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये घड्याळ ब्लूटूथने जोडताना लोकेशनची परवानगी मागितली जाते, अभ्यासाला बाबा कुठे गेले ते हवंच असतं असं नाही. संमतीपत्रात लोकेशन गोळा करणार असं लिहिलेलं नसेल तर जोडून झाल्यावर परवानगी काढून टाकता येते का ते कोऑर्डिनेटरकडून करूनच घ्या, त्याच्याच समोर. आणि ॲपमध्ये अकाउंट उघडताना बाबांचं नाव आणि रोजचा ईमेल टाकू नका, अभ्यासाने दिलेला कोड असतो, तो वापरायचा. भावाच्या इन्शुरन्सच्या काळजीचं खरं उत्तर तिथेच आहे, संशोधकांकडे डेटा कोडने जातो पण घड्याळाच्या कंपनीकडे काय जातं ते त्या अकाउंटवर अवलंबून असतं. अभ्यास कंपनीशी काय शेअर करतो तो परिच्छेद संमतीपत्रात असतो, भावाला तो आधी वाचायला सांगा.

सोडल्यावरच्या डेटाचं अभ्यासागणिक वेगळं असतं. साधारण पद्धत अशी की सोडल्याच्या दिवसापासून नवीन काही घेत नाहीत, आधी जमलेलं कोडसकट वापरतात. काही ठिकाणी तेही काढून टाका म्हणायचा पर्याय देतात. तुमच्या कागदावर "अभ्यासातून बाहेर पडणे" असा भाग असेल, तिथे काय लिहिलंय बघा आणि धूसर वाटलं तर सहीच्या आधी लेखी विचारा. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, ती मागून घ्या, बाबांच्या केमोच्या फाईलमध्येच लावा. आणि पट्टा कापडी मागायला विसरू नका, स्टॉकमध्ये असतो, विचारलं तरच देतात.